आठवं नाव

शनिवारी दुपारी बाराला फॉर्म घ्यायची खिडकी बंद होणार होती, आणि साडेदहालाच सगळ्या वर्गाचे फॉर्म खारूच्या हातात आले. दिले ते तिच्या सख्ख्या मावशीने. मावशी त्याच शाळेत जर्मन शिकवायची, खारूची वर्गशिक्षिकाही तीच. "ऑफिसात नेऊन दे गं, माझा तास आहे," म्हणाली आणि गेली. चोराच्या हाती किल्ल्या देऊ नयेत म्हणतात. इथे चोरानेच आपणहून किल्ल्या धन्याच्या हाती दिल्या.

फॉर्म तसा सरळ होता. सातवी-आठवीत परकी भाषा सगळ्यांच्याच गळ्यात. पुढची दोन वर्षं मात्र ज्याने त्याने ठरवायचं: जर्मन चालू ठेवायची, की ती सोडून प्रयोगशाळा घ्यायची. दोन्हीचे तास एकाच वेळी, म्हणून दोन्हींतलं एकच. जर्मनचा वर्ग उघडायला निदान आठ नावं लागत. प्रयोगशाळेत चोवीस स्टुलं होती आणि ती विज्ञानाच्या गुणांप्रमाणे भरत.

खारूला प्रयोगशाळाच हवी होती. वर्गाबरोबर पाणी शुद्ध करायचं केंद्र बघायला गेली होती, तेव्हा तिथल्या बाईंनी तळ्यातल्या पाण्याचा एक थेंब तिला काचेखाली दाखवला. त्या थेंबात जे काही वळवळत होतं त्याने पोरीला वेड लावलं. मोठी होऊन पाणी तपासायचं, एवढं तिचं ठरलं होतं. पण गेला आठवडाभर मावशी रोज संध्याकाळी घरी येऊन बसायची.

"अगं, तुझ्या जिभेवर ती भाषा खेळते! प्रयोगशाळा काय, अकरावीतही घेता येते. आणि आपली बबडी आहे की तुझ्या सोबतीला. तीही जर्मनच घेणार."

बबडी म्हणजे मावशीची लेक. ती जर्मन बोलायला लागली की समोरच्याला वाटायचं, हिची दाढ दुखतेय. पण दोघी लहानपणापासून एका बाकावर बसलेल्या. खारू विरघळली. शुक्रवारी तिने जर्मनपुढे खूण केली आणि खाली आईने सही केली.

ऑफिसातले कारकूनकाका चष्मा घरी विसरले होते. "विषयाप्रमाणे गठ्ठे कर, बाळ. आणि मोज."

खारूने मोजले. जर्मनचे आठ. आठवा तिचा. त्यात बबडीचा नव्हता. तिला वाटलं, चिकटला असेल कुठेतरी. बबडीचा फॉर्म प्रयोगशाळेच्या गठ्ठ्यात सापडला, तळाशी, चोविसावा. खाली मावशीची टपोरी सही होती आणि तारीख होती मागच्या सोमवारची.

म्हणजे मावशीने आधी ही सही केली, आणि मग रोज संध्याकाळी घरी येऊन खारूच्या पाठीवरून हात फिरवला. खारूचे कान गरम झाले.

"काका, प्रयोगशाळा अकरावीत घेता येते ना?"

"कुणी सांगितलं? ही दोन वर्षं नसतील तर विज्ञानाचं दार कायमचं बंद. नियम वर्गात वाचून दाखवायला दिला होता की!"

वाचून दाखवायचं काम वर्गशिक्षिकेचं. तिने तो कागद दडपून ठेवला होता.

"आणि बदलायचं असेल तर?"

काकांनी एक चिठ्ठी काढून दिली. "पालकाची सही घेऊन बाराच्या आत ये. तुझे गुण भरपूर आहेत, तुला स्टूल मिळेल. यादीतली शेवटची आहे ती मग बाहेर जाईल, दुसरं काय."

शेवटची कोण, हे सांगायची गरज नव्हती.

बाबा ट्रक घेऊन दोन दिवसांच्या वाटेवर गेले होते. पण आईचं झेरॉक्सचं दुकान शाळेच्या फाटकासमोरच. खारू धावत गेली तेव्हा सव्वाअकरा झाले होते. तिने एका दमात सगळं सांगितलं, रडू आवरत, आणि आई आता पदर खोचून मावशीवर धावून जाईल म्हणून वाट बघत उभी राहिली. आईने चिठ्ठी वाचली. तिला काही नवल वाटल्याचं दिसलं नाही.

"तुला माहीत होतं?"

आई मशीनच्या ट्रेमध्ये कागद भरत राहिली. "आठ नावं झाली नाहीत तर तुझ्या मावशीचा वर्ग बंद होतो गं. वर्ग बंद झाला की तिची नोकरी गेली. आणि बबडीला धड काहीच येत नाही. ती स्टुलावर बसली तर निदान कुठे तरी लागेल. तुझं काय, तुला कुठेही टाकलं तरी तू उभी राहशील."

"म्हणजे मी ढ असते, तर तू माझ्या बाजूने असतीस?"

"असं नाही गं राणी. आमची आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. तुझ्या मावशीनेच मला वाढवलंय."

"मग तू कर ना तिच्यासाठी! माझी दोन वर्षं का देऊन टाकतेस?"

हे खारू इतक्या मोठ्याने म्हणाली की दारात आलेलं गिऱ्हाईक बिचकलं. आईने गिऱ्हाइकाला आत बोलावलं. मग तिचा आवाज अगदी मऊ झाला. "बरं. करते सही. एवढं गिऱ्हाईक होऊ दे."

खारूचा जीव भांड्यात पडला. आई ती आईच, असं तिला वाटलं, आणि ओरडल्याची लाजही वाटली. ती मशीनच्या स्टँडला टेकून उभी राहिली.

गिऱ्हाइकाला एका जाडजूड पुस्तकाची झेरॉक्स हवी होती, कागदाच्या दोन्ही बाजूंनी. एरवी आई असं काम ठेवून घ्यायची आणि संध्याकाळी या म्हणायची. आज तिने पानन् पान स्वतः लावलं. मग काच पुसली. मग एक पान वाकडं आलं म्हणून पुन्हा काढलं. "आई, सही," खारू म्हणाली. "हो गं, झालंच," आई म्हणाली. पेन गल्ल्यावर दोरीला बांधलेलं होतं, हातभर अंतरावर. मग आईने पुस्तकाला पिना मारल्या, पट्टी चिकटवली, सुटे पैसे शोधले. मान वर करून तिने भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं आणि पुन्हा खाली वाकून सुटे शोधायला लागली. खारूने ते पाहिलं.

समोर शाळेची बाराची घंटा झाली. ऑफिसची खिडकी खाली ओढल्याचा आवाज फाटकापर्यंत आला.

आईने पेन घेतलं. चिठ्ठीवर पूर्ण नाव लिहून, कधी नव्हे इतक्या सुरेख अक्षरात तिने सही केली, शाई वाळावी म्हणून फुंकर घातली आणि ती लेकीच्या हातात दिली.

"घे, बाळा," ती म्हणाली. "पळ लवकर."