पक्का टाका

नऊचा आकडा तिच्या मांडीवर पालथा पडला होता – पांढरा, जाड कापडाचा, जुन्या जर्सीवरून उसवलेला – आणि सुईच्या नेढ्यातून दोरा काही केल्या जात नव्हता. फुटबॉल क्लबच्या खोलीत तिचा मुलगा, सेक्रेटरी, समितीला समजावत होता की दहा वर्षं आपण खालच्याच गटात लोळतोय, गोल करणारा माणूस बाहेरून विकत आणल्याशिवाय वर जाणं नाही. खजिनदारांचं म्हणणं, ते पैसे प्रेक्षकांच्या छपरासाठी जमवलेत; भाडोत्री पायांवर मोठं होण्यात कसली फुशारकी. मतं तीन-तीन झाली होती. सातवं तिचं, चाळीसहून अधिक वर्षं जर्सींवर आकडे शिवणारीचं, आणि ते छपरालाच पडणार हे सगळे धरून चालले होते. तीसुद्धा.

भाडोत्री पाय... चाळीस वर्षांपूर्वी, तेव्हाही हाच शब्द होता. क्लबने आपली एकुलती व्हॅन विकून दुसऱ्या गावचा गोलकीपर आणला होता. आणि रिवाज असा, की आपल्या पोरांचे आकडे पक्क्या टाक्याने शिवायचे, विकत आणलेल्याचा मात्र कच्च्या धावदोऱ्याने – हंगाम सरला, तो गेला, की ओढून काढायला सोपा. ती कामावर नवी. एका दमात सगळेच पक्के शिवून बसली. मग बोलणी खाऊन त्याचा एकचा आकडा उसवायला घेतला, तर तो स्वतःच दारात उभा, लांब हात कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखा.

"राहू दे," तो म्हणाला. "तेवढ्यापुरतं तरी मी इथला झालो."

राहू दिला तिने. एकतीस वर्षं राहिला तो, तिच्या घरात, तिचा नवरा होऊन. आणि त्याच हंगामात, अंतिम सामन्यात, त्याने अडवलेली ती शेवटची पेनल्टी... छप्पर नव्हतंच, भर उन्हात अख्खं मैदान उभं राहून त्याच्या नावाने ओरडत होतं. हा तावातावाने बोलणारा सेक्रेटरीही त्याच भाडोत्री पायांचा की.

"काकूंचं मत छपराला," खजिनदार हसून म्हणाले. "उन्हात डोकं दुखतं त्यांचं."

"दुखतं," ती म्हणाली. "पण सावलीत बसून हरणंच बघायचं ना, भाऊ? आणा त्याला."

मुलगा तिच्याकडे बघतच राहिला. दोरा नेढ्यातून गेला होता – कधी, ते तिला कळलंच नाही. नवा माणूस टिकेल का, धावेल का, की पैसे पाण्यात... कुणास ठाऊक. ती त्याच्या नऊला टाके मात्र दाट, दुहेरी दोऱ्याने घालत होती. आणि तिच्या कानात ते मैदान पुन्हा उभं राहिलं होतं, खाली बसायला तयारच नव्हतं.