एक्केचाळिसावे रेकॉर्डिंग

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी पाचवीच्या वर्गात माझ्यात साठवलेले एका मुलीचे पहिले रेकॉर्डिंग सर्वांसमोर वाजवण्यात आले. वर्गात चौतीस मुले होती, पाहणीला आलेले चार पाहुणे होते. हसणे सुरू झाले ते पाहुण्यांपासून.

मित्रांनो, मी एक जुना टॅबलेट आहे. सुरतेत उधन्याच्या एका मराठी शाळेत असतो. पाच वर्षांपूर्वी आम्ही सहा जण एकाच खोक्यातून इथे आलो. आमचे हार घालून स्वागत झाले, फोटो निघाले. नंतर फुटू नयेत म्हणून आम्हाला कपाटात कुलूपबंद केले. तिथे पडून पडून बाकीच्या पाच जणांच्या बॅटऱ्या फुगल्या. मी वाचलो, कारण रंजनाबाईंनी मला मागून घेतले.

बाईंनी माझ्यावर गाणी लावली नाहीत, चित्रपटही दाखवला नाही. त्यांनी मला ऐकायला बसवले. मधल्या सुट्टीत एकेका मुलाने खिडकीजवळ बसायचे, धडा वाचायचा, मी तो साठवायचा. मग मुलाने स्वतःचाच आवाज ऐकायचा आणि आपण कुठे अडखळलो ते आपणच शोधायचे. चूक दाखवायला दुसरे कोणी नाही, म्हणून लाज नाही.

चंचल रोज येई. तिचे वडील मगन यंत्रमागावर कामाला, आई भागीरथी घरी साड्यांचे धागे कापते. त्यांची खोली लूमच्या शेडला भिंत लावून आहे. तिथे सलग बोललेले ऐकू येत नाही. माणसे मागाच्या ठोक्यावर शब्द तोडून, ओरडून बोलतात. चंचल तशीच बोलायला शिकली आणि वाचायलाही. ता. पी. न. दी. एका ठोक्याला एक अक्षर. ठोका नसला की ती थांबून राही.

तिच्या आईने वर्षाच्या सुरुवातीलाच आपल्या अहिराणीत सांगून ठेवले होते, "बाई, पोरगीले वाचता उनं तर सहावीमा धाडसू. नही तर मनासंगे धागा कापी." म्हणजे वाचन आले तरच सहावी, नाही तर घरी आईबरोबर धागे.

बाईंनी तो ठोका मोडला नाही. वर्गाच्या मागेही लूम चालतातच. त्या म्हणाल्या, "चंचल, आधी ठोक्याला एक अक्षर. जमलं की ठोक्याला दोन. मग ठोका विसरायचा."

"बाई, हे कोनी ऐकनार नाही ना?"

"कोणी नाही. तू आणि हा टॅबलेट."

बाई गेल्यावर तिने माझ्यावर वाकून पुन्हा बजावले, "कोन्हाले सांगू नको हां."

हे वाक्यही माझ्याजवळ आहे. रेकॉर्डिंग चालू होते.

पहिल्या दिवशी आठ ओळींना एक मिनिट बावन्न सेकंद लागले. सोळाव्या दिवशी दोन अक्षरे जोडून येऊ लागली. एक्केचाळिसाव्या दिवशी, म्हणजे पाहणीच्या आदल्या दिवशी, त्याच आठ ओळी तिने एकतीस सेकंदांत वाचल्या. मागे लूम चालू होते आणि ती त्यांच्यासाठी कुठेही थांबली नाही. सुट्टी संपली म्हणून तिने ते ऐकलेही नाही. "उद्या ऐकसू," म्हणून पळाली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. मुख्याध्यापक काशिनाथ सर म्हणाले, "बाई, तुमच्या त्या प्रयोगाचं काहीतरी दाखवा."

पासवर्ड फक्त बाईंना ठाऊक होता. त्या क्षणभर थांबल्या. मग त्यांनी तो टाकला. "शेवटचं ऐकवते सर. चंचलचं. आता फार सुंदर वाचते ती."

"आधी पहिलं लावा. फरक कसा कळणार?"

सरांनीच बोट ठेवले. माझ्यातून आवाज आला. ता. पी. न. दी. एक पाहुणे हसत म्हणाले, "अरे, आ तो मशीन चाले छे!" मग वर्ग हसला. मागच्या बाकावरून हेमराज ओरडला, "ए लूम, बंद पडली का?"

एक मिनिट बावन्न सेकंद. पूर्ण वाजले.

"आता शेवटचं," बाई म्हणाल्या.

"बाई, नाश्त्याचा लोचो थंड होतोय," सर म्हणाले. "ते अहवालात लिहू आपण."

पाहुणे उठले. चंचल तिसऱ्या बाकावर होती. तिने बाईंकडे पाहिले नाही, सरांकडेही नाही. ती माझ्याकडे पाहत होती.

वचन बाईंनी दिले आणि बाईंनीच मोडले. बोट सरांचे होते. पण तिला फसवणारा आवाज माझ्या तोंडून आला, हे मला नाकारता येत नाही. मला शिकण्यासाठी आणले होते, दाखवण्यासाठी वापरले. मित्रांनो, माझी काच पुसा किंवा नका पुसू. पण कोणी विश्वासाने माझ्याजवळ काही ठेवले असेल, तर ते उघडण्याआधी त्याला विचारा.

बुधवारपासून चंचल शाळेत नाही. शनिवारी भागीरथी आली. "ती म्हनस, शाळामा जात नही. काय व्हयनं बाई?"

रंजनाबाईंनी सगळे सांगितले. "माझं चुकलं," म्हणाल्या. "मी हा घरी घेऊन येते. तिचं शेवटचं वाचन तिला ऐकवते. तुम्हीही ऐका."

"लूमना आवाजमा काय ऐकू येई?" भागीरथी म्हणाली. मग जाता जाता, "या तरी."

शाळेची वस्तू लेखी परवानगीशिवाय बाहेर नेता येत नाही. बाईंनी सोमवारी सकाळी अर्ज दिला. आज गुरुवार. दुपारचे चार वाजले आहेत. अर्ज सरांच्या टेबलावर आहे, त्यावर सही नाही. हजेरीपटात चंचलचे नाव आहे, पुढे आठ गैरहजेऱ्या आहेत. माझी बॅटरी चौदा टक्के आहे. एक्केचाळिसावे रेकॉर्डिंग अजून कोणीही ऐकलेले नाही.