सख्खी पदं

खडू मोडला. अर्धा तुकडा बाईंच्या बोटांत राहिला आणि अर्धा गडगडत पहिल्या बाकाखाली गेला. बाईंनी पुढच्या मुलापुढे हात केला.

"तो पतंग दे रे."

मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि पाठोपाठ तावदानं हादरतील असा सगळा वर्ग हसत सुटला. पुढच्या मुलानं बिचाऱ्यानं खरोखरच बाकाखाली वाकून पाहिलं. पतंग काही दिसेना, खडू दिसला. तो त्यानं निमूट आणून दिला.

शेवटच्या बाकावर, पोरांच्या मापाच्या जागेत गुडघे कसेबसे कोंबून दोन मोठी माणसं बसली होती. मुख्याध्यापकांनी मान खाली घातली. संस्थेच्या सचिवांनी घातली नाही. मी काय म्हणत होतो, अशा नजरेनं ते मुख्याध्यापकांकडे बघत राहिले.

गेल्या वर्षी याच शाळेच्या जिन्यात बाईंना पक्षाघाताचा झटका आला होता. हातपाय लवकरच ताळ्यावर आले, शब्द मात्र आले नाहीत. तसे सगळेच गेले होते असं नाही. आकडे जागच्या जागी होते, क्रियापदं बरीचशी होती, रागावणं तर अगदी शाबूत होतं. गेली होती ती नावं. वस्तू समोर दिसायची, तिचा उपयोग कळायचा, पण नाव घ्यायला जावं तर कुठलातरी भलताच शब्द पुढं होऊन हजेरी द्यायचा. ज्यांच्यापुढे भल्याभल्या पालकांची बोबडी वळायची, त्या बाईंना आता दाराला दार म्हणायची चोरी झाली होती.

त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करत. केसाएवढा स्क्रू बसवायला अख्खी दुपार घालवतील असा माणूस, पण बायकोच्या शब्दासाठी पळभर थांबणं त्यांच्यानं होत नसे. बाईंनी तोंड उघडलं की "पाणी? पंखा? पिशवी?" अशी सरबत्ती सुरू. सगळं मायेपोटीच, पण बाईंना वाटे, कुणीतरी आपल्या तोंडातला घास काढून घेतंय.

नणंदेचं वेगळं होतं. वयानं धाकटी, तोंडानं थोरली. बाईंनी चहाऐवजी छत्री मागितली की ती उठून छत्रीच आणून हातात द्यायची.

"अगं, तुझं काय डोकं फिरलंय का?" यजमान ओरडायचे.

"दादा, वहिनीनं मागितलं ते दिलं. चहा हवा असेल तर चहा म्हणेल ती. मला कुठं गाडी गाठायचीय?"

आणि कमरेवर हात ठेवून ती उभी राहायची. बाई आधी संतापायच्या, मग छत्रीकडे बघून हसायला लागायच्या, आणि हसता हसता कधी तरी चहा यायचा. आधी शब्द, मग कप.

सचिवांनी बाईंना शाळेच्या ग्रंथालयात बसायला सुचवलं होतं. माणूस वाईट नव्हता. "पुस्तकं उलट प्रश्न विचारत नाहीत, बाई. आराम पडेल. वर्ग म्हणजे शेवटी तोंडाचं काम." त्यावर बाई फक्त "नाही" म्हणाल्या होत्या. हा शब्द त्यांना कधीच अडला नव्हता. मुख्याध्यापकांनी मग मधला मार्ग काढला. एक तास घ्या, आम्ही मागे बसू, आणि काय ते ठरवू. वर्ग मिळाला सातवी ब. बाईंनी आजवर आठवीच्या खाली कधी शिकवलं नव्हतं, त्यामुळे यातलं एकही पोर त्यांच्या ओळखीचं नव्हतं. धडा होता बैजिक राशींची बेरीज.

सकाळी निघताना नणंद एवढंच म्हणाली होती, "वहिनी, शब्द चुकला तर चुकू दे. गणित चुकवू नकोस."

हसण्याची लाट ओसरेपर्यंत बाई फळ्यापाशी उभ्या राहिल्या. दटावलं नाही की डोळे वटारले नाहीत. शब्दासाठी थांबायची सवय झालेल्या माणसाला हसणं संपायची वाट बघणं काय जड? हसणं आपोआप विरलं. आता पुढं काय, म्हणून पोरं फळ्याकडे बघायला लागली. बाईंनी लिहिलं:

३क्ष + ४य + २क्ष

आणि पुढं बरोबरचं चिन्ह काढून खडू वर्गाकडे धरला.

तिसऱ्या बाकावरून एक गुबगुबीत मुलगा उठला. त्याला सगळे बोका म्हणत. बदलीवर आलेल्या सरांनी हा धडा फळांवर भागवला होता, क्ष म्हणजे सफरचंद आणि य म्हणजे केळं, ते त्याच्या पक्कं लक्षात होतं.

"सोपंय बाई. तीन सफरचंदं, चार केळी, परत दोन सफरचंदं. एकूण नऊ फळं." त्यानं ऐटीत लिहिलं: ९क्षय.

"नऊ क्षय!" मागून कुणीतरी वाचलं. "अरे, दवाखान्यात न्या त्याला!"

पुन्हा हशा पिकला. बोकाही हसला. पूर्वीच्या बाई असत्या, तर बोका जागेवर पोचायच्या आत नियम सांगून, फळ्यावर लिहून, वर दोनदा म्हणून घेऊन मोकळ्या झाल्या असत्या. आताही जीभ शिवशिवली. पण नियमात चार नावं होती आणि चारही दडी मारून बसली होती. बाईंनी चूक म्हटलं नाही, बरोबरही म्हटलं नाही. खाली लिहिलं: क्ष = २, य = ३. आणि आधी डाव्या बाजूला बोट ठेवलं.

बोक्यानं तोंडी केलं. "सहा, अधिक बारा, अधिक चार... बावीस."

बोट उजवीकडे गेलं.

"नऊ गुणिले दोन गुणिले तीन... चोपन्न." बोक्यानं फळ्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं. "बाई, फळ्याचं काहीतरी चुकलंय."

या वेळी बाई हसल्या. त्यांनी हातानंच वर्गाला विचारलं, तुम्ही सांगा आकडे. कुणीतरी खोडसाळपणे ओरडलं, "क्ष शून्य! य पाच!" बाईंनी मान डोलावली आणि आनंदानं लिहून टाकलं.

डावीकडे वीस आले. उजवीकडे भोपळा.

"वीसच्या वीस गायब!" खिडकीपाशी बसलेला एक काटकुळा मुलगा उभाच राहिला. "बाई, य तर आहे की. क्ष नाही म्हणून त्यानं पण मरायचं?"

"कारण बोक्यानं त्यांना गुणून टाकलंय!"

"मग नुसते क्ष क्षमध्ये घाला. तीन आणि दोन पाच."

"आणि य?"

"य राहू दे की बापडा, आहे तिथं."

आता कुणी जागेवरून उठायची परवानगी मागत नव्हतं. बोक्यानं स्वतःच आपल्या नऊ क्षयांवर फुली मारली, खाली ५क्ष + ४य लिहिलं आणि दोन्ही वेळचे आकडे घालून पाहिले. बावीसला बावीस. वीसला वीस. त्यानं मूठ वर करून अशी आरोळी ठोकली, की शेजारच्या वर्गातल्या सरांनी दारातून डोकावून पाहिलं आणि मागे बसलेल्यांना बघून ते तसेच परत गेले.

"बाई, मग जी मिळवता येतात, त्यांना म्हणायचं काय?" काटकुळ्यानं विचारलं.

हाच तो प्रश्न. पुस्तकातला शब्द बाईंनी मुलांना किती वर्षं शिकवला होता. त्या शब्दाच्या दिशेनं निघाल्या. "स..." म्हणाल्या. "स..." पुढच्या बाकावरची एक मुलगी मदतीला धावली, "समीकरण? संख्या?" बाईंनी तळहात वर केला. थांब. वर्ग थांबला. मागच्या बाकावर सचिवांनी घड्याळात पाहिलं. वरचा पंखा कुरकुरत फिरत राहिला, आणि चाळीस पोरं तोंडाकडे बघत असताना बाई शब्द शोधत राहिल्या.

"सख्खी," त्या म्हणाल्या.

लगेच त्यांच्या लक्षात आलं, हा तो नव्हे. पण वर्ग हसला नाही. काटकुळा मान हलवत होता.

"सख्खी. बरोबर. क्ष-क्ष सख्खी. आणि क्ष आणि य?"

"शेजारी!"

"हॅट, चुलत!"

"बाई, पुस्तकात सजातीय पदं असं लिहिलंय," पुढच्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "पण सख्खी छान आहे."

बाईंनी तिच्याकडे बोट केलं, हो हो, तोच, आणि टाळी वाजवली. मग फळ्यावर दोन्ही शब्द एकाखाली एक लिहिले. लिहिताना हात अडखळला नाही.

त्यानंतर तास कुणाच्या ताब्यात राहिला नाही. बाई फक्त लिहीत होत्या, लांबलचक, वजाबाकीच्या, मध्येच एकटा आकडा घुसवलेल्या राशी, आणि पोरं सख्खी हुडकत होती. "सात कुणाचाच नाही, बाई, त्याला वेगळा बसवा." "उणे क्षचं चिन्ह सोडू नकोस रे, ते त्याच्यासोबत आलंय." आवाज चढत गेला. मुख्याध्यापकांनी दोनदा घसा खाकरला आणि दोन्ही वेळा नुसतं ऐकत राहणंच पसंत केलं.

आणि मग मागून जाड आवाज आला.

"मला एक सांगा."

सगळ्यांनी वळून पाहिलं. सचिव बाकातून उठायचा प्रयत्न करत होते. ते जमेना, तेव्हा बसल्या जागीच म्हणाले, "तीन क्ष आणि दोन क्ष वर्ग. दोन्हीत क्षच आहे की. मग ही सख्खी का नाहीत? पाच का म्हणायचं नाही?"

बाईंना उत्तर ठाऊक होतं. बोलून सांगायचं म्हटलं तर त्यात किती खळगे आहेत, हेही ठाऊक होतं. पण तेवढ्यात भिंतीकडच्या बाकावर त्यांना एक हात दिसला, पुरता वर न आलेला, कोपर बाकावरच टेकलेला. चष्मेवाली मुलगी. बाईंनी खडू तिच्याकडे धरला.

मुलगी फळ्यापाशी आली. तिनं ३क्ष + २क्ष² लिहिलं, खाली क्ष = १० लिहिलं आणि वर्गाकडे तोंड केलं.

"ती... ती..." तिचे ओठ हलले, मान ताणली गेली, आवाज फुटेना. बाई थांबल्या. त्यांना त्यात वेगळं काही वाटलंच नाही. शब्द शोधणाऱ्या माणसाला वेळ द्यायचा असतो, एवढंच. वर्गही थांबला, तासभरात त्याला तशी सवय लागली होती.

"ती-तीन दहा," मुलगी म्हणाली. "म्हणजे तीन दशक. आणि द... दोन शंभर. म्हणजे दोन श-शतक." तिनं खडूनं दोन्हींखाली रेघ मारली आणि थेट सचिवांकडे बघितलं. "तीन दशक आणि दोन शतक मि... मिळून पाच काय, सर?"

सचिवांनी ओठांतल्या ओठांत काहीतरी जुळवून पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं, शाळकरी पोराचं असतं तसं.

"पाच काहीच नाही," ते म्हणाले. "दोनशे तीस."

"नाव एक, पण चुलत!" बोका ओरडला, आणि वर्गानं टाळ्यांचा कडकडाट केला. टाळ्यांतच घंटा झाली.

व्हरांड्यात सचिव पँटचे गुडघे झटकत होते. "ग्रंथालयासाठी दुसरं कुणीतरी बघा," ते मुख्याध्यापकांना म्हणाले. "आणि बाईंना त्यांचे नववी-दहावीचे वर्ग परत द्या." दोन पावलं जाऊन ते पुन्हा वळले. "ही सातवीसुद्धा त्यांच्याकडेच राहू दे." मग बाईंना नमस्कार करून ते जिना उतरून गेले. उतरताना बोटांवर काहीतरी मोजत होते.

बाई कठड्याला टेकल्या. घामानं पाठ भिजली होती आणि कित्येक महिन्यांत आलं नव्हतं तसं हसू आतून वर येत होतं. त्यांना वाटलं, आता मुख्याध्यापक अभिनंदन करतील. पण ते बंद दाराकडे बघत उभे होते.

"ती मुलगी," ते म्हणाले.

"कोण? ती... चष्मा?"

"हो. पाचवीला आमच्याकडे आली, तेव्हापासून वर्गात एक शब्द बोललेली नाही. हजेरीला सुद्धा नुसता हात वर करते. तोंडी परीक्षा सगळे तिची लेखीच घेतात. आम्ही तर तिला..." ते थांबले. पुढचा शब्द त्यांना सापडेना.

बाईंनी तो पुरवला नाही. त्या थांबल्या. मुख्याध्यापकांनी चष्मा काढला, रुमालानं उगाचच पुसला आणि परत घातला.

"तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?"

"नाही," बाई म्हणाल्या.

आत भांडण पेटलं होतं. बोक्याचा आवाज सगळ्यांच्या वर होता, क्ष वर्ग आणि य वर्ग यांचं नातं काय, यावर तो कुणाचं काही ऐकून घेत नव्हता. मग बाकावर हात आपटल्याचा आवाज आला आणि सगळे एकदम गप्प झाले.

"थ... थ..." आतून आलं. कुणीही मध्ये बोललं नाही. "थांब रे. माझं अजून सं-संपलं नाही."