आजोबांचं हट्टी रक्त

ऐक श्रेया, देवाशप्पथ सांगते, ह्यातला शब्द न् शब्द खरा आहे! खोटं निघालं तर उद्यापासून माझा चहा बंद.

तुझ्या आजोबांचं रक्त पहिल्यापासून हट्टी. दाढी करताना कापलं तर थेंबभर बाहेर डोकवायचं आणि परत आत जायचं. एकदा ह्याच लालबागच्या खोलीत त्यांना डास चावला, तर डासाची सोंडच बुजली. बिचारा भिंतीला धरून धरून चालत गेला. हसतेस काय? ह्या डोळ्यांनी बघितलंय.

तर परळला त्यांची बायपास होती. आठवडाभर आधीच अ‍ॅडमिट केलेलं, रक्त पातळ करायचं औषध सलाइनसारखं चालू. ऑपरेशनला आत नेताना मला म्हणतात, "गंगू, मी नसलंय तर गणपतीक गाऱ्हाणा कोण घालतलो गो?"

"तुम्हीच घालतालात. गप जावा."

गाऱ्हाणं म्हणजे त्यांचाच मान. आरती झाली की देवापुढे उभं राहून खड्या आवाजात मागणं मागायचे आणि दर मागण्याला आपण सगळे "व्हय म्हाराजा!" तुझा बाप नेमका तेव्हाच मोबाइल घेऊन गॅलरीत. धनेशसाहेबांना मालवणीची लाज!

बराच वेळ गेला आणि आतली एक डॉक्टर बाहेर आली. म्हणाली, "आजी, हृदयाचं काम थोडा वेळ मशीनवर घ्यायचंय. त्याआधी रक्त पुरेसं पातळ लागतं, नाहीतर नळ्यांमध्ये गुठळ्या होतील. आम्ही डोस वाढवला, परत वाढवला. रक्त ऐकतच नाही."

"माझं तरी कधी ऐकलंय!" मी म्हटलं.

"मग आता?" धनेशने विचारलं.

"ते औषध एकटं काम करत नाही. रक्तातलाच एक सोबती त्याला हात देतो. आठवडाभर औषध चाललं ना, त्यात तो सोबती कमी झाला असणार. म्हणून प्लाझ्मा देतोय, दात्यांच्या रक्तातलं पिवळं पाणी. त्यात तो असतो. बघू."

तिचं ते "बघू" मला अजिबात आवडलं नाही.

आणि गंमत बघ, ज्या माणसाने शेजारच्या बकुळाकडून कधी वाटीभर साखर आणू दिली नाही, त्याचा जीव आता कुणा अनोळखी माणसाच्या पिशवीवर!

मग मी काय केलं? कॉरिडॉरमध्ये उभी राहिले, पदर खोचला आणि गाऱ्हाणं घातलं. "देवा म्हाराजा! तुझो लवू आत पडलोहा. तेचा रगात हट्टाक पेटलाहा, तेका वायच समजाव रे म्हाराजा! आणि जो कोण वळख नसताना रगात देऊन गेलो, तेच्या पोराबाळांका सुखी ठेव रे म्हाराजा!" अख्खा मजला ओरडला, "व्हय म्हाराजा!" वॉचमन, नर्सा, केळी घेऊन आलेला एक पारशी म्हातारासुद्धा.

नंतर ती डॉक्टर परत आली. मास्क खाली ओढून हसली. "झालं पातळ, आजी. मशीन सुरू केलंय."

पुढचं तुला माहीतच आहे. ते बघ आजोबा, ऐकू येत नाही असं दाखवत चिवड्यातले शेंगदाणे वेचतायत.

काय? पप्पा वेगळं सांगतात?

बरं बाई, एक गोष्ट मी बनवली. गाऱ्हाणं मी नाही घातलं. तोंडातून शब्दच फुटेना माझ्या. तुझ्या बापाने घातलं. भिंतीकडे तोंड करून, हळू आवाजात, पण आजोबांच्याच चालीवर, एक शब्द न चुकता. गॅलरीतून सगळं ऐकत होता मेला, इतकी वर्षं! आणि "व्हय म्हाराजा" म्हणायला मी एकटीच होते.

डास मात्र खरा हां.