मावशीचे गमबूट

आमची मावशी जनावरांची डॉक्टर. घोड्याचा दुखरा दात असो की चिडलेला वळू, ती डगमगत नाही. त्यामुळे तिची गाडी सलूनची काच फोडून आत शिरली, तेव्हाही ती शांतपणे खाली उतरली आणि म्हणाली, "मी ब्रेक दाबला होता." कुणाला साधं खरचटलंही नाही. फक्त एक गिऱ्हाईक अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून जे पळालं, ते म्हणे उरलेली दाढी दुसऱ्या सलूनमध्ये करून घरी गेलं.

मावशीवर कुणी विश्वास ठेवला नाही. तिच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या काकांनी, तर गाडी दुरुस्त होऊन आली त्याच दिवशी दोन्ही चाव्या खिशात टाकल्या.

"साठी उलटली आता. पाय चुकतो माणसाचा," काका म्हणाले.

"माझा नाही चुकला."

"मग काय गाडी आपण होऊन दाढी करायला गेली?"

काकांना स्वतःचा विनोद फार आवडला. मावशीला नाही. तिचे पेशंट लांबलांबच्या गोठ्यांत आणि तबेल्यांत. तिथवर बस जात नाही, आणि गाय काही रिक्षात बसून दवाखान्यात येत नाही. गाडी गेली म्हणजे मावशीचं कामच गेलं. मला बाजूला घेऊन ती म्हणाली, "अरे, मला घरात बसवलं ना, तर मीठ कमी पडलेल्या गाईसारखी भिंती चाटायला लागेन मी."

माझी पंचाईत वेगळीच होती. गाडी आमच्या कंपनीची, आणि ती मीच मावशीच्या गळ्यात मारलेली. मी तिथे सीटच्या खात्यात आहे. लोकांना नीट बसवणं एवढंच माझं काम, त्यांना पळवणारी मंडळी वेगळी.

तेवढ्यात आमची आणखी एक गाडी फुलवाल्याच्या दुकानात घुसली आणि एक थेट तळ्यात उतरली. टीव्हीवाल्यांनी 'पिसाळलेली गाडी' म्हणून रान उठवलं. लोकांनी धडाधड बुकिंग रद्द केलं. पेडलचं खातं ज्यांच्याकडे, त्या साहेबांना आम्ही 'मिलिमीटर' म्हणतो. मुलगी किती मोठी झाली असं विचारलं तरी ते मिलिमीटरमध्ये सांगतात. त्यांचं उत्तर तयार होतं. "नाचता येईना, अंगण वाकडं! हे लोक भलतंच पेडल दाबतात आणि खापर आमच्या ब्रेकवर फोडतात." हे सिद्ध करायला त्यांनी तक्रार करणाऱ्यांना आणि पत्रकारांना चाचणीच्या मैदानावर बोलावलं. मावशीला मी एका गोठ्यातून उचलून थेट तिथे नेलं, त्यामुळे तिच्या पायात नेहमीचे गमबूट होते.

आमच्या मैदानाचा जुना नियम असा, की चाचणीच्या गाडीत बसण्याआधी कंपनीचे बूट घालायचे. मऊ, अरुंद, कागदासारख्या पातळ तळव्याचे. पेडलचा दाब पायाला नीट कळावा म्हणून. आमच्या गाड्यांचं प्रत्येक पेडल असल्या बुटांनीच पास झालेलं. ते कपाट मी रोज बघतो, पण माझ्या डोक्यात कधी काही आलं नाही. मावशीला मात्र गमबूट काढायला सांगितले आणि तिचे डोळे लकाकले.

"गाडी घेतली की हे बूट फुकट मिळतात का हो?"

पत्रकार गालातल्या गालात हसले. साहेबही मोठेपणानं हसले. "बाई, बुटांनी काय फरक पडतो?"

"काहीच पडत नाही ना? मग घाला की माझे."

सगळे कॅमेरे साहेबांच्या पायांकडे वळले. मावशीच्या मोठ्या पावलांची आमच्या घरात कायम थट्टा चालते. त्या दिवशी ती पावलंच कामी आली, बूट साहेबांना अगदी मापात बसले.

गाडी सावकाश आली. साहेबांनी ब्रेक दाबला. अर्धा बूट ब्रेकवर आणि उरलेली कड अ‍ॅक्सिलरेटरवर! गाडी डरकाळी फोडून उसळली. साहेब घाबरले आणि घाबरलेला माणूस करतो तेच त्यांनी केलं, आणखी जोरात दाबलं. मैदानाच्या कडेला रचलेली टायरची रास उधळून गाडी हिरवळीवर आली आणि चहाची टेबलं पाडत सुटली. खिडकीतून ओरडणं ऐकू येत होतं, "ब्रेकच दाबलाय! अहो, ब्रेकच दाबलाय मी!"

मावशी मोज्यांवरच धावली. "पाय उचल! उचल म्हणते ना पाय!"

हा आवाज ती खूर तपासताना घोड्यांना लावते. साहेबांचा पाय निमूट वर आला आणि गाडी थांबली. आपल्याच साहेबांना हसायची सोय नसते, म्हणून मी खाली वाकून एका खुर्चीची शिवण तपासत बसलो. हसू ओसरलं आणि मला ते सलून आठवलं. सलूनमध्ये त्या दिवशी एखादं पोर बसलेलं असतं तर? माझा संताप संताप झाला. इतके दिवस आम्ही सगळे शहाणे एका बाईला वेड्यात काढत होतो.

पुढे पेडलं एकमेकांपासून दोन बोटं लांब सरकली. ब्रेक उंच झाला. दोन्ही पेडलं एकदम दाबली गेली तर इंजिन आपोआप मंदावेल अशी सोयही आली. मैदानावरच्या कपाटात चपला, उंच टाचा आणि गमबूट आले. 'ग्राहकांच्या वाढत्या अपेक्षा लक्षात घेऊन' हे बदल केल्याचं साहेबांनी जाहीर केलं. अपेक्षा कसल्या, तर गाडी थांबावी!

मावशीच्या गाडीतही कंपनीनं नवी पेडलं फुकट बसवून दिली. मी ती घरी आणली, तेव्हा काका दारातच उभे होते. मोठ्या ऐटीत त्यांनी खिशातून चावी काढली.

"घे. आता गाडी सुधारली. तू चालवायला माझी हरकत नाही."

मावशीनं हात पुढे केला नाही. "गाडी सुधारली, बरं झालं. पण माझं काय बिघडलं होतं?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी गाडीच्या सीटची शिवण तपासायला लागलो. शेवटी ते मिशीतल्या मिशीत पुटपुटले, "चुकलं माझं."

"मोठ्यानं."

"अगं, शेजारी आहेत..."

"असू देत. मी म्हातारी झाले हे तुम्ही त्यांना ओरडूनच सांगितलं होतं."

काकांनी छाती भरून श्वास घेतला. "चुकलं माझं! तू ब्रेकच दाबला होतास!" शेजारच्या बाईंच्या हातातली पाण्याची झारी कुंडीऐवजी त्यांच्याच पायावर रिकामी झाली.

मावशीनं चावी घेतली. तिचे डोळे भरून आले होते, पण सूर तोच होता. "बसा आता गाडीत, माझ्या शेजारी. एक गाय अडलीय, वासरू ओढायला माझे एकटीचे हात पुरायचे नाहीत."