वरंबा सरकतो तेव्हा

कचेरीत तिचं काम समुद्राचा तळ उभा करण्याचं. बोटीवरून आवाज खाली सोडायचा, तो परतायला किती वेळ लागला त्यावरून खोली काढायची. मग ती ते ठिपके जोडत बसायची. किनाऱ्यापासून लांबवर पसरलेल्या उथळ तळावर वाळूचे वरंबे होते, शेतात असतात तसेच, मधे सरी. फक्त एकेक वरंबा गाव गिळेल एवढा.

तिच्या दादाची बोट बुडाली ती अशाच एका सरीत. पाणबुडे पोचेपर्यंत वादळाने शेजारचा वरंबा बोटीवर लोटला, दादा आतच राहिला.

तेव्हा वहिनीला धीर द्यायला ती बोलून गेली होती, "वरंबे एका जागी राहत नाहीत. दरसाल थोडे किनाऱ्याकडे सरकतात." वहिनीने ते वेगळंच धरलं. ती पोटातल्या लेकराला सांगू लागली, वाळूबरोबर बाबा येतायत. ते लेकरू म्हणजे चिमणी, आता बोबडं बोलायची. आणि खरं सांगायला आत्याची जीभ रेटली नाही. वहिनीने विचारलं की ती सांगायची, "सरकलाय थोडा." खोटं नव्हतं, म्हणून तर जास्त बोचायचं.

आज पडद्यावर वरंबा पुढे निघून गेलेला. मागे उघड्या सरीत बोट, कुशीवर, बुडाली तिथेच.

साहेब मागे येऊन उभे राहिले. "पाणबुडे परवा उतरतील. मागचा वरंबा चढायच्या आत. घरी सांग."

घरी चिमणी दारातल्या पायपुसण्याशी खेळत होती. वहिनी म्हणाली, "या वन्सं. तोंड का उतरलंय? यंदा कमी सरकला?"

ती खाली बसली. "वहिनी, हे बघ." तिने पायपुसण्याची कड दुमडून घडी उंचावली. "जरा उंचवटा असला की त्यावरून जाताना पाण्याचा जोर मोडतो, वाळू तिथेच पडते, उंचवटा वाढतो. मग एका अंगाची वाळू उचलून पाणी दुसऱ्या अंगाला टाकतं. असा तो सरकतो." घडी बोटांनी पुढे ढकलली. खाली अडकलेलं चिमणीचं बटण जागच्या जागी उघडं पडलं.

वहिनी बटणाकडे बघत राहिली. स्वयंपाकघरात दूध उतू गेल्याचा वास आला, कुणी उठलं नाही.

"म्हणजे वाळू आली," वहिनी म्हणाली. "ते नाही."

"बोट दिसली आज. परवा पाणबुडे जातायत."

"आणि मी रोज दाराची कडी काढून ठेवत होते." मग तिने बटण उचललं. "तुम्हाला माहीत होतं."

"हो."

चिमणी आत्याच्या मांडीवर चढली. "आत्या, बाबा कुठे आले?"

आत्याने तोंड उघडलं, पण वहिनीने हात आडवा धरला. "बाबा तिथेच आहेत गं, सोनू. ते चालत नव्हते. आईला तसं वाटलं."

"एकटे?"

"एकटे."

"मग भ्याले असतील."

वहिनीने तिला छातीशी ओढलं. "म्हणून तर आणायला जायचंय," ती म्हणाली, आणि नणंदेकडे न बघता विचारलं, "त्या बोटीवर मला घेतील का?"