गोरिलाची चेन

भाच्याने जुन्या भडक सिनेमांना मुजरा म्हणून नवा सिनेमा काढायला घेतला. तुरुंगातल्या सुंदऱ्या, वेडा शास्त्रज्ञ, बादल्या भरून रक्त आणि पिसाळलेला गोरिला. चाळीस वर्षांपूर्वी असल्या सिनेमांत गोरिलाचा पोशाख शिवायचे ते शिंपी म्हणजे त्याचे सख्खे मामा. काम त्यांच्याकडेच गेलं.

"मामा, अगदी तस्साच हवा. पाठीवरची चेन लखलखीत दिसली पाहिजे!"

मामांचा चेहरा पडला. "अरे, ती चूक होती माझी. निर्मात्याने केसाळ कापड कमी दिलं होतं. लोक खो खो हसले. मला तोंड दाखवायला जागा उरली नव्हती."

"लोकांना आता तेच आवडतं."

"म्हणजे माझ्या फजितीला हार घालणार तू?"

भाचा समजावत राहिला, मामा मान डोलवत राहिले, आणि घरी येऊन त्यांनी स्वतःच्या मनासारखंच शिवलं. चेनवर केसांची पट्टी, तिच्याखाली हुकांची रांग, वरून बारीक टाके. भिंग घेऊन शोधली तरी चेन सापडेना.

"आत गेलेला माणूस बाहेर कसा येणार?" मामींनी विचारलं.

"मी उसवेन की!"

गोरिलाच्या आत व्यायामशाळेतला मास्तर होता. उकडणार म्हणून त्याने आधीच दोन लिटर पाणी ढोसलं. मामांनी त्याला स्वतःच्या हाताने आत शिवला आणि चहाला गेले.

तिसऱ्या शॉटला गोरिला एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारू लागला.

"वा! काय वेदना आहे!" भाचा ओरडला. "कॅमेरा थांबवू नका!"

मुखवट्यातून फक्त "म्म्म! म्म्म!" ऐकू येत होतं. शेवटी गोरिलाने थर्माकोलचा तुरुंग फोडला, रस्ता ओलांडला आणि समोरच्या दातांच्या दवाखान्यात घुसला. पेशंट खुर्च्यांवर चढले. एका आजोबांची कवळी मासिकात पडली.

डॉक्टरीणबाईंनी मान वर न करता सांगितलं, "नंबर लावून बसा."

मागून मामा कात्री परजत धावत आले, त्यांच्यामागे भाचा कॅमेऱ्यासकट.

"पाठ कर! पाठ कर म्हणतो ना!" मामांनी उभ्या आयुष्यात एवढ्या झपाट्याने काही उसवलं नव्हतं. मास्तर चड्डी-बनियनवर आतल्या संडासाच्या दाराकडे सुसाटला. अब्रू थोडक्यात वाचली.

सिनेमात हे सगळं जसंच्या तसं राहिलं. दवाखाना आला की लोक शिट्ट्या मारायचे, आणि कात्री घेऊन धावणारा म्हातारा हाच खरा खुनी, अशी सगळ्यांची खात्री पटायची. पहिल्या खेळानंतर दोन मुली मामांची सही घ्यायला आल्या. मामांनी दोनदा नाव चुकवलं, इतके ते लाजले.

मामी शेजारीच उभ्या होत्या. "सगळं छान झालं हो," त्या म्हणाल्या, "पण पळताना पोट तरी आत घ्यायचं!"